‘मिठागर’च्या रेकॉर्डवर नसलेलं नाव

११ जानेवारी, रविवार

सकाळी केतकीचा फोन. शेखरची मुलगी. "विलासकाका, आधी खाली बसा." बसलो.

शेखरच्या वडिलांचा डोंबिवलीतला बंगला रिडेव्हलपमेंटला जातोय. माळा साफ करताना पत्र्याची पेटी मिळाली, तिच्यात स्पूल टेप. वर शेखरचं अक्षर: ‘मिठागर, संपूर्ण’.

संपूर्ण म्हणजे आमच्या बँडचं अख्खं एकवीस मिनिटांचं गाणं. रेकॉर्डवर फक्त दोन तुकडे आलेले, छोटी तबकडी होती म्हणून. मला वाटलेलं ती टेप केव्हाच कुणीतरी पुसून त्यावर भजनं भरली असतील.

केतकी जाहिरातींच्या आवाजाचं काम करते, तिच्याकडे मशिनं आहेत. टेप साफ करून नेटवर टाकणार, शिवाय खरीखुरी रेकॉर्ड काढणार. म्हणते, हल्ली लोक असलं जुनं शोधत फिरतात. "आणि काका, बँडचा इतिहास तुम्ही लिहा. कव्हरवर छापायचाय. बाबांना काही आठवत नाही, नंदूकाका गेले. तुम्हीच उरलात."

"गौतम आहे की," मी म्हणालो.

"ड्रमवाले? बाबा त्यांच्याबद्दल बोलतच नाहीत कधी."

सु. ने विचारलं, कुणाचा फोन, तोंड का उतरलं. म्हटलं, पित्त.

१२ जाने., सोम.

बीपी ठीक. वही उघडली, इतिहास लिहायला घेतला.

सुरुवात शेखरच्या मामापासून. जहाजावर होता, येताना विलायती रेकॉर्डी आणायचा. शेखरचे वडील डॉक्टर, त्यांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं, शेखर, नंदू आणि मी, खिडक्या लावून ऐकत बसायचो. एका गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू! पहिल्यांदा मला वाटलेलं सुई अडकली. मध्येच ताल बदलायचा, मध्येच सगळं थांबून एकटा ऑर्गन, मग पुन्हा वादळ. शेखर डोळे मिटून म्हणायचा, "हे गाणं नाही रे विल्या, हा प्रवास आहे." तो पेटी शिकलेला, ऑर्गनवर बसला. नंदूकडे गिटार. उरलो मी. मला दिलं बास. ते कल्याणच्या एका सुताराने सागवानात कोरलं, एवढं जड की माझा डावा खांदा अजून खाली आहे. ॲम्प मी केले, जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह घालून. टेलिफोन खात्यात नुकताच लागलेलो, हातात कला होती.

एवढं भराभर लिहिलं. गौतमपाशी आलो आणि पेन ठेवलं.

१४ जाने., बुध.

संक्रांत. शेजारी तिळगूळ. सु. चे गुडघे.

गौतम जाधव. कल्याणचा. लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि एरवी मानपाड्याला एमआयडीसीत प्रेस मशीनवर. नंदूने त्याला एका वरातीत ऐकलं. बँड फिल्मी गाणं वाजवतोय, नवरदेवाचे मित्र नाचतायत, आणि हा पठ्ठ्या मध्येच एक मात्रा गिळून पुढच्या ओळीत परत देतोय. नाचणाऱ्यांना कळतही नव्हतं आपण का अडखळतोय. नंदू वरातीबरोबर मांडवापर्यंत चालत गेला.

पहिल्या दिवशी गौतम दारातच उभा राहिला. शेखरच्या आईने सांगितलं तेव्हा आत आला. चहा सगळ्यांना एकसारख्या कपातून आला, हे मी बघितलेलं आठवतं. म्हणजे मी बघत होतो.

अकरा मात्रांची गोष्ट. शेखरकडे मिठागराची कविता होती. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. शब्द चांगले, पण चाल बसेना. सगळं साध्या चारात, बेंगरूळ. गौतम शिफ्ट संपवून आलेला, हाताला ग्रीस. म्हणाला, "आमचं मशीन ऐक." आणि टेबलावर वाजवून दाखवलं. चार, परत चार, मग पत्रा पुढे सरकतो तेवढ्यात तीन. चार-चार-तीन. दिवसभर तेच त्याच्या अंगात. शेखरने त्यावर ऑर्गन धरला आणि आम्ही चौघं वेड्यासारखे हसायला लागलो. इतकं बरोबर बसलं.

आणि शेवटचा भाग. त्याची चाल म्हणजे गौतमच्या आईची जात्यावरची ओवी. तो गुणगुणला, शेखरने उचलली, नंदूने ताणून ताणून आभाळाला नेली. माझं बास खाली एकाच सुरावर, जात्यासारखं.

म्हणजे हाडं गौतमची. मांस शेखरचं. हे मी इतिहासात लिहिलं नाही, इथे लिहितोय.

१७ जाने., शनि.

ठाण्याला शेखरकडे. घोडबंदर रोडला पाऊण तास एकाच पुलाखाली, रिक्षावाल्याने इंजिनच बंद केलं. केतकीचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर. शेखरचे हात आता सतत थरथरतात, पेला दोन्ही हातांनी धरतो. मला मिठी मारली ती सुटेना.

टेप लावली.

काय सांगू. वाटलेलं आता बालिश वाटेल. नाही वाटलं. मधला ऑर्गन जरा जास्त झालाय, शेखर तेव्हा चोवीसचा होता, थांबवणार कोण. पण त्या अकरा मात्रा! ड्रम असे येतात, जणू कुणी घाईत नाहीये आणि तरी गाडी सुटणार आहे. शेवटी ओवी आली तेव्हा शेखर रडत होता. हात थरथरत असल्याने डोळेही धड पुसता येईनात, केतकीने पुसले.

मग तिने विचारलंच. ती बोटांवर मोजत होती. "बाबा, हे अकरामध्ये आहे? कुणाला सुचलं हे?"

शेखर लगेच म्हणाला, "गौतमला. आणि शेवटची चालही त्याच्या घरची."

"मग जुन्या रेकॉर्डवर ‘संगीत: शेखर’ एवढंच का?"

"त्यानेच नको म्हणून सांगितलं. आमचं भांडण झालेलं ना. मला फार लागलं ते. विचार काकाला, त्याच्याकडेच निरोप दिलेला."

दोघं माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो."

बहात्तर वर्षांचा माणूस. परत तेच बोललो.

१८ जाने., रवि.

आता लिहूनच टाकतो. वही माझी, घर माझं.

गौतमने नाव नको असं कधीही सांगितलं नव्हतं.

ठाण्याच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता. गौतमला कारखान्यातून सोडलं नाही, डबल शिफ्ट लावली. तो तासभर उशिरा धावत आला. शेखर तोवर फुटायला आलेला, भर माइकवर बोलला, "ताल सांभाळणाऱ्याला वेळ सांभाळता येत नाही!" पोरं हसली. गौतमने त्या दिवशी वाजवलं तसं कधी वाजवलं नव्हतं. संपल्यावर ड्रम बांधले आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून सरावाला नाही.

त्याच आठवड्यात रेकॉर्ड कंपनीचा फॉर्म टपालाने आला. आमचं ध्वनिमुद्रण आधीच झालेलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून फॉर्म माझ्याकडे. आडनावासकट पूर्ण नावं भरायची होती. शेखर बाहेर निघालेला, बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला, "संगीत: शेखर आणि गौतम, असं लिही. आणि तुला वाटलं तर तुझंही टाक."

तुला वाटलं तर.

मी एकच नाव लिहिलं. शेखरचं.

रेकॉर्ड आली तेव्हा शेखरने विचारलं, गौतमचं नाव कुठाय? मी म्हणालो, तो येऊन गेला, चिडलेला, माझं नाव नको म्हणाला. आणि महिन्याभराने कल्याण स्टेशनच्या पुलावर गौतम भेटला. त्याने दुकानात रेकॉर्ड बघितलेली. "शेखरने काढलं ना नाव?" मी गप्प बसलो. त्याने माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. एकाला खोटं सांगितलं, दुसऱ्याला काहीच नाही. दोन्ही पुरले.

भांडण आठवड्याचं होतं. मी ते पन्नास वर्षांचं केलं. बँड त्यातच गेला. गौतमशिवाय दुसरा ड्रमर आणून बघितला, त्याला अकरा मोजताना घाम फुटायचा.

का केलं? इथे पाच ओळी लिहून खोडल्यात. उद्या.

२० जाने., मंगळ.

सु. ला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

म्हणाली, "मला लग्न झाल्यावर सांगितलंस की बँड आपोआप बंद पडला."

"हो."

"आपोआप तर दूधसुद्धा नासत नाही."

मेथी तशीच ठेवून आत गेली. जेवताना म्हणाली, "शोध त्या माणसाला. आहे की नाही तेही माहीत नाही तुला."

२३ जाने., शुक्र.

दोन दिवस कल्याणला जातोय. जुनी चाळ नाही, तिथे सात मजली इमारत. समोरच्या बुद्धविहारात एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसलेले. "जाधव? ड्रमवाले? ते मुलाबरोबर टिटवाळ्याला गेले की. नवीन कॉम्प्लेक्समध्ये." त्यांच्या नातवाच्या मोबाइलमध्ये नंबर निघाला. म्हणाले, "मोठ्याने बोला हां. ऐकायला येत नाही त्यांना. प्रेसवर कान गेले."

फोन सुनेने उचलला. नाव सांगितलं. पलीकडे ती ओरडून सांगत असलेलं ऐकू आलं, "पप्पा, विलास म्हणून कोणीतरी! बासवाले!" मग पुन्हा फोनवर, "रविवारी या म्हणाले."

बासवाले. त्याने तिला सांगितलेलं होतं तर.

२५ जाने., रवि.

टिटवाळा. दुपारची गाडी रिकामी. बरोबर केतकीने दिलेला छोटा स्पीकर आणि मोबाइलमध्ये टेप.

गौतमचं डोकं पूर्ण पांढरं, पाठ ताठ. कानात मशीन. "खांदा अजून वाकडाच आहे तुझा," पहिलं वाक्य. सून हसली, चहा ठेवायला गेली. नातीची परीक्षा, मुलाची बदली, माझ्या सु. चे गुडघे. बोलताना त्याचं बोट मांडीवर ठोके देत होतं, त्याला स्वतःला माहीत नसावं.

टेप लावली. त्याने कानाचं मशीन काढून ठेवलं. म्हणाला, त्याच्यात गाणं फाटतं. मग स्पीकर दोन्ही हातांत धरला, पोटाशी. डोळे मिटले. एकवीस मिनिटं तसाच. ओवी आली तेव्हा ओठ हलले, आवाज नाही.

संपल्यावर म्हणाला, "ऑर्गन नाही आला मला. गिटार पण नाही. वरचं काहीच नाही येत आता. माझा ड्रम आला आणि तुझं बास आलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं बास. किती छान धरलंयस रे! मला कधी ऐकूच आलं नव्हतं हे तेव्हा."

माझ्याने बघवेना त्याच्याकडे.

मी सांगायला लागलो. हळू बोललो. त्याने मशीन लावलं, "काय?" परत बोललो. "मोठ्याने बोल."

हळू आवाजात कबुली द्यायची सोयच नव्हती. ओरडावं लागलं. "तुझं नाव! रेकॉर्डवरचं! शेखरने नाही काढलं! मी काढलं!"

आतला मिक्सर थांबला.

तो बघत राहिला. "शेखरने नाही?"

"त्याने लिही म्हणून सांगितलेलं. मी लिहिलं नाही. त्याला सांगितलं, तूच नको म्हणालास."

"का?"

"हेवा."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा?" तो हसला, पण ते हसू नव्हतं. "मी बारा-बारा तास मशीनसमोर उभा असायचो. बोटं आहेत का सगळी, बघत घरी जायचो. माझा हेवा केलास तू?"

मी म्हणालो, मशीनवर सगळेच उभे होते, ऐकलं तू एकट्याने. मला कधी काही सुचलं नाही. लोक शेखरला विचारायचे, नंदूला विचारायचे, तुला विचारायचे. मला कुणी विचारायचं नाही.

मग त्याने विचारलं. आवाज एकदम साधा. "आडनाव लिहायचं नव्हतं म्हणून नाही ना?"

पटकन नाही म्हणणार होतो. तोंडावर आलेलंच. मग कॉलेजच्या वयातला मी आठवला, कप बघणारा. म्हणालो, "नाही म्हणून सांगत आलोय स्वतःला. पण फॉर्मवर हात थांबला होता. थोडं ते पण असेल. माहीत नाही मला."

"हे खरं बोललास."

चहा आला होता, गार होऊन गेला. गौतम उठून बाल्कनीत गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "शेखरचं लग्न झालं, मला बोलावलं नाही. मी म्हटलं, माज. त्याची बायको गेली, मला कळलं, मी गेलो नाही. मी म्हटलं, जाऊ दे, त्याने कुठे... आणि तो तिकडे समजत असणार मी..." वाक्य सोडून दिलं.

मग, "जा तू आता. चिडून नाही सांगत. पण जा."

स्पीकर त्याच्याकडेच राहिला. मागायचं कसं.

२६ जाने., सोम.

सोसायटीत झेंडावंदन. गेलो नाही. सु. ला सगळं सांगितलं. तिने विचारलं, शेखरला कधी?

२९ जाने., गुरु.

पाणी नाही सकाळपासून. केतकीचा मेसेज: इतिहास किती झाला? कव्हरचा नमुना तयार आहे. नमुन्यावर ‘संगीत: शेखर’. माझ्या ‘हो’ वर तिने विश्वास ठेवलाय.

त्या दिवशीच्या पाच खोडलेल्या ओळी आता लिहायची गरज नाही. ओरडून झाल्या.

३१ जाने., शनि.

ठाणे. शेखर खिडकीशी. केतकीला पण बसायला सांगितलं, दोनदा सांगायचं बळ नव्हतं.

सांगितलं.

शेखरचे हात एवढे हलायला लागले की खुर्चीचा दांडा वाजायला लागला. केतकीने हात धरले. मला वाटलं आता हा ओरडेल, बाहेर काढेल. त्याने फक्त विचारलं, "गौतम मला काय समजत असेल रे इतकी वर्षं?"

"तू नाव खाल्लंस असं."

"आणि मी माइकवर ते बोललो, त्याची माफी पण मागायची राहिली. मला वाटलं, आता याला माझी माफीही नको असेल." थोड्या वेळाने, "मी त्यानंतर एक पण मोठी गोष्ट केली नाही विल्या. जिंगल्स केल्या, नाटकांची पार्श्वसंगीतं केली. लोक म्हणायचे, ‘मिठागर’सारखं काही करा. कसं करणार? अकरा देणारा माणूस कुठे होता?"

केतकी उठली. दाराकडे गेली, परत आली. "काका, मी तुम्हाला याच घरात विचारलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी. तुम्ही ‘हो’ म्हणालात."

"हो."

"हे ‘हो’ तरी खरंय ना?"

खाली आलो. लिफ्टच्या आरशात बघायचं टाळलं.

२ फेब्रु., सोम.

केतकीने रेकॉर्डचं काम थांबवलंय. गौतमकाका सांगतील तसं होईल, नाहीतर होणार नाही, एवढा मेसेज. ‘काका’ लिहिलं नाही मला, नुसतं ‘कळवतेय’.

अमितला फोन केला, बंगलोरला. म्हटलं, मुलाला माझ्याकडून कळलेलं बरं. त्याने ऐकून घेतलं. "बाबा, एवढ्या जुन्या गोष्टी. तेव्हा तुम्ही पोरगेच होता." मग, "कुठे छापणार-बिपणार नाही ना? नेटवर गेलेलं कायमचं राहतं."

५ फेब्रु., गुरु.

काही नाही. सु. ला घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे. रांगेत बसल्या बसल्या ती म्हणाली, "तो तुझं बास ऐकत बसला एकवीस मिनिटं. हे तुला सगळ्यात जास्त लागलं ना?" हो म्हणालो.

८ फेब्रु., रवि.

आज गौतम ठाण्याला गेला. शेखरकडे. मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी केतकीचा फोन आला, तेव्हा कळलं. आवाज थोडा मऊ.

मुलाने गाडीने आणलं त्याला. दारात दोघं उभेच राहिले. शेखर म्हणाला, "मी माइकवर बोललो ते चुकलं." गौतमला ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणाला. शेखरने परत सांगितलं, मोठ्याने. गौतम म्हणाला, "पहिल्यांदाच कळलेलं. परत एकदा ऐकावंसं वाटलं." केतकी हे सांगताना हसत होती आणि रडतही असावी.

तीन तास बसले. शेखरला आता वाजवता येत नाही, गौतमला वरचं ऐकू येत नाही. शेखरने तोंडाने ऑर्गन म्हटला, गौतमने सोफ्याच्या हातावर चार-चार-तीन धरलं. केतकीने मोबाइलवर भरून घेतलंय. मला पाठवलं नाही, मीही मागितलं नाही.

नावांचं ठरलं. संगीत: शेखर आणि गौतम. शेवटच्या भागासमोर वेगळी ओळ, मूळ चाल: द्रुपदाबाई जाधव. गौतमची आई. ही ओळ असेल तरच माझं नाव टाका, असं गौतमने सांगितलं. शेखर म्हणाला, तिचं पहिलं, आमचं खाली.

"आणि काका, इतिहास. मी म्हटलं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. गौतमकाका नाही म्हणाले. म्हणाले, विलासच लिहील. आणि त्यात हे पण लिहील. फॉर्म, खोटं, गप्प बसणं, सगळं. स्वतःच्या नावाने. छापायच्या आधी मला वाचायला आणून देईल."

"आणखी काही म्हणाला?"

"नाही. तुमची चौकशी नाही केली."

९ फेब्रु., सोम.

अमितचा विचार. नातवंडं मोठी होतील, आजोबांचं नाव शोधतील, हे वाचतील.

सु. म्हणते, मग खरं वाचतील.

१२ फेब्रु., गुरु.

चार वेळा लिहिलं. पहिल्यात मी फार वाईट होतो, छाती बडवणारा. तेही एक प्रकारचं मिरवणंच, सु. ने तिसऱ्या ओळीला पकडलं. दुसऱ्यात ‘त्या काळच्या परिस्थितीत’ असा शब्द आला, तो फाडला. तिसऱ्यात गौतम देवमाणूस झाला. तो देवमाणूस नाही. चिडका होता, सरावाला येताना विड्यांचा वास घेऊन यायचा, नंदूच्या गिटारची तार तोडलेली त्याने रागात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पगारातून नवी आणली. ते लिहिलं.

१६ फेब्रु., सोम.

तीन पानं झाली. हाताने, फॉर्मवर होतं त्याच अक्षरात. आता जरा कापतं.

पहिलं पान: मामाच्या रेकॉर्डी, सागवानी बास, गणपतीच्या मांडवात आम्ही सतरा मिनिटं वाजवलं तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "वाद्यं लावून झाली असतील तर गाणं म्हणा आता." दुसरं पान: प्रेस मशीन, द्रुपदाबाईंची ओवी, कॉलेजचा कार्यक्रम. तिसरं पान: मी काय केलं. आडनावापाशी हात थांबला, तेही. ते वाक्य तीनदा काढलं, चौथ्यांदा ठेवलं.

शेखरला फोनवर वाचून दाखवलं. ऐकून म्हणाला, "माझं माइकवरचं वाक्य जसंच्या तसं घातलंयस." घातलंय. "राहू दे."

अमितला पाठवलं. उत्तर आलं: "वाचलं. दोनदा." बस एवढंच. पुढे ‘आईला गुडघ्यासाठी इथे आणा’.

२२ फेब्रु., रवि.

टिटवाळा, दुपारी सव्वाचार. ही नोंद बाकावर बसून लिहितोय, त्यांच्या इमारतीच्या खाली. वही पिशवीत होती.

तीन वाजता वर गेलो. दार गौतमनेच उघडलं. मी पाकीट दिलं. त्याने घेतलं, वजन केल्यासारखं हातात धरलं. आत ये म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही. सून मागून म्हणाली, "काका, या ना." त्याने तिला हाताने थांबवलं.

"खाली थांब," मला म्हणाला. "वाचून झालं की हाक मारतो."

"छापायचं की नाही ते..."

"वाचू तर दे."

दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

खाली मुलं सायकली चालवतायत. वॉचमनने विचारलं, कुणाकडे? म्हटलं, जाधवांकडे. "ड्रमवाले आजोबा? जा की वर." म्हटलं, जातो थोड्या वेळाने.

त्यांची बाल्कनी चौथ्या मजल्यावर, इथून दिसते. मघाशी गौतम तिथे आला, खुर्चीवर बसला, चष्मा लावला. खाली नाही बघितलं. आता फक्त त्याचं डोकं दिसतंय आणि कागदाची कड.

सव्वा तास होत आला. पानं तीनच आहेत.